उसाच्या रसाची साक्ष

जळगाव,
दि. ४ मार्च

श्री. गिरधरभाऊ पितांबर यांस सुकदेव कौतिक याचा रामराम.

या पत्राच्या आरंभी कोणता नमस्कार घालावा, या विचारात माझी अर्धी सकाळ गेली. एकतीस वर्षे मी प्रत्येक पत्र ‘प्रभूच्या नावाने सलाम’ असे लिहून सुरू केले. हल्ली ज्या चर्चमध्ये जातो तेथील लोक ‘येशूची स्तुती असो’ असे म्हणतात. आपण यांपैकी कोणत्याच बाजूचे नाही, म्हणून आमच्या फादर नवल यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की, ज्याला पत्र लिहायचे त्याला कळेल तो नमस्कार घालावा. (फादर वयाने चौतीस आहेत, नवापूरकडचे आहेत. धर्माच्या माणसाने इतके सोपे बोलणे मला अद्याप पुरते अंगवळणी पडलेले नाही.)

आपली प्रकृती कशी आहे ते कळवावे. गुडघ्याचे तेल संपले असल्यास येथे मिळते. आपल्या चिरंजीवांनी यंदा कापूस भावाच्या आशेने किती दिवस घरात ठेवला, हेही लिहावे. माझे विचाराल तर रक्तदाबाची एक गोळी सकाळी, एक सायंकाळी, आणि कानास यंत्र. यंत्र चि. हितेंद्राने घेऊन दिले आहे. माझा आवाज फार मोठा आहे असे घरातील लोक पूर्वीपासून म्हणत आले होते म्हणे, ते मला यंत्र बसविल्यावर प्रथम ऐकू आले. सौ. यशोदाबाई मजेत आहे. पुढील मजकूर वाचून ती माझ्यापेक्षा शहाणी आहे असा आपला समज होण्याचा संभव आहे. तो तितकासा बरोबर नाही.

पत्रास कारण की, आपल्या नावासंबंधाने माझ्याकडून एक गोष्ट घडलेली आहे. ती मी आपणास स्वहस्ते लिहून कळवावी असे मला सांगण्यात आले आहे, आणि कळविल्यावाचून येत्या ईस्टरला मला कॅथलिक चर्चमध्ये रीतसर घेतले जाणार नाही. यशोदाबाईला घेतील. ती पुढे जाऊन कम्युनियन, म्हणजे त्यांचा प्रसाद, घेईल आणि मी मागे बाकावर बसून तिची चप्पल सांभाळीन. यावरून गोष्ट लहान नाही हे आपण ओळखाल. परंतु ती नीट समजण्यासाठी मागचा वृत्तांत देणे भाग आहे, आणि तो देण्यात काही वेळ गेला तर माझी हरकत नाही.

आपणास स्मरत असेल की यशोदाबाईच्या पोटाचे दुखणे विकोपास गेले तेव्हा आपण जीप करून तिला धुळ्यास पोहोचविले होते. तेथे धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक तिच्या खाटेपाशी येऊन प्रार्थना करून गेले. ती बरी झाली. (डॉक्टरांचे म्हणणे होते की औषध लागू पडले. डॉक्टरांनी असे म्हणणे स्वाभाविक आहे.) पुढे मी सहकुटुंब बाप्तिस्मा घेतला. त्या मंडळीत डोक्यावर थेंब शिंपडून भागत नाही, सगळा माणूस पाण्याखाली जावा लागतो. दिवस मे महिन्याचे आणि पांझरेला पाणी नडगीपर्यंत. पाळकांनी मला तीन वेळा आडवे केले. दोन वेळा माझे पोट कोरडे राहिले. तिसऱ्या वेळी झुलाल नावाच्या सेवकाने पोटावर बादली ओतली आणि पाळक म्हणाले, चालेल. आपण काठावर उभे होता आणि टॉवेल आपण धरला होता.

त्या मंडळीचा मार्ग मला मानवला, हे मी आजही नाकारीत नाही. तेथे देवाशी थेट बोलतात. मध्ये संत नाही, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. जसा एखादा हिंमतवान मनुष्य शिपायाला न विचारता तहसीलदाराच्या दालनात शिरतो आणि उभ्याउभ्या आपला अर्ज वाचून दाखवितो, तसे. शिवाय पाठ केलेले काही म्हणायचे नसते, स्वतःच्या शब्दांत बोलायचे असते, आणि माझे शिक्षण चौथीपर्यंत झालेले असले तरी शब्दांची मला कधी वाण पडलेली नाही. चाळीसगावच्या मेळाव्यात माझी प्रार्थना पस्तीस मिनिटे चालली. डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकाकडील माणसे पंक्ती मांडून परत आलेली होती. लोक म्हणाले, सुकदेवभाऊंना दान आहे. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

अडचण आली ती साक्षीत. साक्ष म्हणजे काय हे आपणास ठाऊक नसेल. आपण पूर्वी किती पापी होतो आणि प्रभूने आपल्याला त्यातून कसे काढले, हे सर्वांपुढे उभे राहून सांगायचे असते. माझी पहिली साक्ष अशी होती: पत्नी आजारी होती, प्रार्थना केली, बरी झाली. एवढ्यास दीड मिनिट लागले. मंडळीने ‘आमेन’ म्हटले, परंतु ते म्हणायचे म्हणून म्हटले. माझ्यामागून मटक्याचा एक जुना आकडेबहाद्दर उठला. त्याने घर विकले होते, बायकोचे डोरले विकले होते, तिच्या भावाची म्हैससुद्धा विकली होती. तो अर्धा तास बोलला. बायका रडल्या. चहाच्या वेळी त्याला दोन कप मिळाले. मी मनाशी विचार केला की, ज्याने पूर्वी काहीच वाईट केले नाही त्याला या मंडळीत पुढे येण्यास वावच नाही. ही व्यवस्था मला सदोष वाटली.

तेव्हा पुढील साक्षीत मी दारू घातली.

दारू घातली की पाजणारा लागतो. एकट्याने दारूस लागलेला मनुष्य ऐकणाऱ्यास पटत नाही. त्या वेळी बोलता बोलता जे नाव माझ्या तोंडी आले, ते आपले होते. ते का आले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण एवढेच दिसते की, धुळ्याहून परत येताना नरडाणा स्टेशनासमोरच्या रसवंतीवर आपण मला दोन ग्लास उसाचा रस पाजला होता. मी दोन दिवसांचा उपाशी होतो, आणि रसात आपण आले अधिक टाकावयास सांगितले होते. पाजणारा म्हटल्यावर मला दुसरे कोणी आठवले नाही.

हीच ती गोष्ट. ती लिहून झाली, परंतु पुरती झाली नाही. आता फादरांच्या बाजूचे सांगतो.

पाच वर्षांपूर्वी आम्ही जळगावास हितेंद्राकडे राहावयास आलो. सूनबाई दिपमाला माहेरची कॅथलिक. तिच्याबरोबर यशोदाबाई रविवारी मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, जाऊ लागली. मी तिला शास्त्राधाराने समजावून सांगितले की देव आणि मनुष्य यांच्यामध्ये कोणाची गरज नाही. तहसीलदाराचा दृष्टांतही दिला. त्यावर ती म्हणाली, “साहेबनी माय घरमा शे, तर मी पहिलं तिलेच सांगसू.” मरियेच्या पुतळ्यापुढे ती काही न बोलता बसते. मी एकदा विचारले, काय मागितलेस? म्हणाली, काही नाही, ती पण बसेल व्हती, मी पण बसनू. याला प्रार्थना म्हणावी काय, असा मला प्रश्न पडला होता.

पुढे शेताचा सातबारा हरवला. मी दोन दिवस देवाशी थेट बोललो. तिसऱ्या दिवशी दिपमालाने सासूला सांगितले की हरवलेल्या वस्तूंचे एक वेगळे संत आहेत. यशोदाबाईने त्यांना एक मेणबत्ती लावली, आणि तासाभरात उतारा सापडला. तो माझ्याच पवित्र शास्त्रात होता, जे मी अकरा वेळा अथपासून इतिपर्यंत वाचले आहे हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या पानांत तो होता ती पाने सोनेरी कडेला एकमेकांस चिकटलेली होती, आणि उतारा आठ वर्षांपूर्वीचा होता. याविषयी घरात कोणी काही बोलले नाही, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

मी स्वतः कॅथलिकांकडे वळलो तो तत्त्वाच्या प्रश्नावरून. येथील आमच्या मंडळीत नवे पाळक आले. गिटार आली, ढोल आला, त्यास माझी ना नव्हती. परंतु त्यांनी साक्षीला तीन मिनिटांची मर्यादा घातली आणि ती मोजण्यासाठी मोबाइल ठेवला. माझ्या साक्षीत मी रेल्वे रुळांपर्यंत पोहोचण्याआधीच तो वाजला. (रुळांचे पुढे सांगतो.) जेथे पवित्र आत्म्यास घड्याळ लावतात तेथे राहू नये, असे मी ठरविले. यशोदाबाईचे मत थोडे निराळे आहे.

कॅथलिकांकडे पहिल्याच दिवशी माझा अपेक्षाभंग झाला. मी टॉवेल आणि कपड्यांचा दुसरा जोड घेऊन गेलो होतो. फादर म्हणाले, “आबा, बाप्तिस्मा एकदाच असतो. पांझरेतला झाला तो झाला.” मी पोटाची अडचण सांगितली. ते म्हणाले, “बादली ओतली ना? मग झालं.” पुढे असे आढळून आले की तेथे मला कोणी प्रार्थना करावयासच सांगत नाही. सर्व प्रार्थना छापलेल्या. सर्वांनी मिळून एकाच वेळी तेच शब्द म्हणायचे, एकाच वेळी उठायचे, एकाच वेळी गुडघे टेकायचे. मी जरा मोठ्याने आणि स्पष्ट म्हणू लागलो, तर पुढच्या बाकावरील मुली मागे वळून पाहू लागल्या. मिस्सा पन्नास मिनिटांत संपते आणि तीत मी होतो की नव्हतो हे कोणास कळत नाही. यशोदाबाईला नेमके हेच आवडते. ती म्हणते, धुळ्याला बसले की वाटे, आता आपली पाळी येईल. येथे बसले की वाटते, आपल्यावाचून काही अडलेले नाही.

यानंतर पापनिवेदनाचा दिवस आला. मला मनातून बरे वाटले, कारण येथे तरी एकट्याने बोलावयाचे होते. लाकडी खोपटे असते, मध्ये जाळी, पलीकडे फादर. मी आत गेलो आणि साक्ष सुरू केली. गेल्या तीस वर्षांत तिची बरीच वाढ झालेली आहे. पहिल्या वर्षी आपण मला एक पेला पाजला होता. पाचव्या वर्षी बाटली. दहाव्या वर्षापासून आपण मला शुद्ध हरपेपर्यंत पाजून नरडाण्याच्या पुढे रुळांवर झोपवून निघून जाता आणि भुसावळ पॅसेंजर माझ्यापासून दोन हातांवर थांबते. सुरतेच्या मेळाव्यात हेच गुजरातीत सांगणाऱ्या भाषांतरकाराने गाडी दोन बोटांवर आणली. ते मला अधिक परिणामकारक वाटले, म्हणून मी पुढे तसेच ठेवले.

पंचविसाव्या मिनिटाला फादर म्हणाले, “आबा, हे गिरधरभाऊ बाहेर रांगेत आहेत का?” मी सांगितले, ते गावी असतात आणि ते हिंदू आहेत. “मग त्यांची पापं राहू द्या. तुमची सांगा.” मी म्हणालो, माझे पाप दारू. “शेवटची कधी घेतली?”

गिरधरभाऊ, एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता. तेथे समोर दीडशे माणसे असतात, त्यांना ऐकून समाधान होत असते, आणि समाधानी मनुष्य चौकशी करीत नाही. येथे समोर नुसती जाळी. आमेन नाही, हालेलुया नाही, कोणाचे रडणे नाही. मी खरे ते सांगितले की, घेतलेली नाही. “केव्हापासून?” मी म्हणालो, जन्मापासून.

मला वाटले यंत्र बंद पडले, म्हणून मी ते काढून तळहातावर आपटून पाहिले. मग फादर म्हणाले, “म्हणजे आबा, न प्यालेल्या दारूचा तुम्ही एकतीस वर्षं पश्चात्ताप करताय. आणि गिरधरभाऊ?” मी सांगितले, ते माळकरी आहेत, चहासुद्धा बेताचाच घेतात. फादरांनी विचारले की हे कोठे कोठे सांगितले. मी सांगितले: धुळे, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, नंदुरबार दोन वेळा, आणि सुरत. यशोदाबाईला त्याच दिवशी तीन छोट्या प्रार्थनांचे प्रायश्चित्त मिळाले आणि ती दोन मिनिटांत बाहेर आली होती. मला हे पत्र मिळाले. मी विचारले की याऐवजी जपमाळ पन्नास वेळा म्हटल्यास चालेल काय. ते म्हणाले, “जपमाळेनं गिरधरभाऊंना काय कळणार?”

कॅथलिकांचा नियम आहे की तेथे ऐकलेले फादर कोणास सांगत नाहीत, प्राण गेला तरी. हा नियम फादरांना आहे. रांगेत उभ्या असलेल्या वीस-बावीस माणसांना असा काही नियम असल्याचे आढळले नाही, आणि माझ्या आवाजाविषयी मी वर लिहिलेलेच आहे. बाहेर आलो तेव्हा दिपमाला रांगेत तिसरी होती. तिने डोक्यावर पदर पुढे ओढून घेतला.

आता जे राहिले ते लिहितो. आपल्या घरी दर नाताळाला दारूच्या दुष्परिणामांची पत्रके टपालाने येत असत, ती कोण पाठविते असे आपण मला विचारले होते. ती धुळ्याची मंडळी पाठवीत असे. सोळा वर्षांपूर्वी दोन गृहस्थ आपल्या ओट्यावर येऊन बसले आणि आपले तोंड हुंगत होते, ते झुलाल सेवक आणि त्यांचे मेहुणे. त्यांनी परत येऊन सांगितले की, गिरधर फार बेमालूम लपवितो. चाळीसगावच्या सुनंदाबाई शुक्रवारी आपल्या सुटकेसाठी उपवास धरीत. त्या मनाने फार चांगल्या आहेत. (आपल्या मोहिनीला चाळीसगावचे जे स्थळ आले होते, ते लोक सुनंदाबाईंच्या शेजारचे. त्यांनी सहज चौकशी केली, आणि सुनंदाबाईंनी त्यांना धीर दिला की, मुलीच्या वडिलांसाठी आम्ही चौदा वर्षे उपवास करीत आहोत, गुण येईल. स्थळ मोडले. मोहिनीचे लग्न पुढे पारोळ्यास झाले आणि चांगले झाले, परंतु मध्ये तीन वर्षे गेली, आणि धुरपदावहिनी त्यातच गेल्या, त्यांना लेकीचे लग्न पाहावयास मिळाले नाही. त्या वेळी आपण मला विचारले होते की, कोणी काय सांगितले असेल रे. मी कलियुग असे उत्तर दिले. सुनंदाबाईंचे नाव मला तेव्हाच ठाऊक झालेले होते.)

हे मी कंसात लिहिले आहे. कंसाबाहेर लिहावयास बसलो तर वाक्य नीट लागत नव्हते.

येणेप्रमाणे सर्व हकीकत आहे. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि जे आपल्या घरी माझे नाव काढणार नाहीत त्यांसही.

आपला,
सुकदेव कौतिक

ता. क. १: आपले उत्तर बंद पाकिटात घराच्या पत्त्यावर पाठवावे. पोस्टकार्ड पाठवू नये. खालच्या मजल्यावरील लोक वाचतात.

ता. क. २: मुख्य गोष्ट लिहावयाची राहिली. चारचौघांत सांगितलेले चारचौघांतच दुरुस्त केले पाहिजे, असे फादरांचे म्हणणे आहे. येत्या सतरा तारखेस धुळ्याच्या मंडळीचा वर्धापनदिन आहे. जुना सभासद म्हणून त्यांनी मला साक्षीस बोलाविले असून वीस मिनिटे दिली आहेत. खरे सांगावयास दीड मिनिट पुरते. उरलेल्या साडेअठरा मिनिटांची मला काळजी आहे. समोर दीडशे माणसे दिसली आणि दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला की मी खोटी साक्ष देण्याच्या पापातही काही भर घालीन, आणि त्यातही कोणी पाजणारा निघेल. मी स्वतःला आता इतका ओळखतो. तरी आपण त्या दिवशी धुळ्यास यावे आणि पहिल्या बाकावर, माझ्यासमोर बसावे, ही विनंती. काही बोलू नये. नुसते बसावे. हितेंद्र आपणास गावाहून गाडीने आणील. उपासना दहाला सुरू होते.

ता. क. ३: नात रूपाली हिने वरील सर्व पत्र यशोदाबाईला वाचून दाखविले. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, “इतलं लिखं, पन चुकनं म्हनीसन कोठे शे?” मी तिला सांगितले की ‘माझे चुकले’ हे एकंदर मजकुरावरून ध्वनित होते. ती म्हणाली, शोधून दाखवा. मी पत्र दोन वेळा वाचले. रूपालीनेही वाचले. नाही सापडले. या कामी कोणाला मेणबत्ती लावू नये, असे मी तिला सांगितले आहे.

गिरधर, मन्हं चुकनं.